तोरणाखालून आधी कोण

देवगाव फाट्यावर आम्ही एसटीची वाट बघत उभे होतो तेव्हा आबांच्या खांद्यावर अंबाडीच्या दोराचं वेटोळं होतं आणि आईच्या हातात पिठाचा रिकामा डबा. बाकीचं बिऱ्हाड दोन गाठोड्यांत मावलं होतं. गावातला एकही टेम्पो आमचं सामान न्यायला तयार नव्हता, म्हणून फाट्यापर्यंत सगळं डोक्यावर आणलेलं. धाकटा भाऊ सारखा गावाच्या दिशेनं बघत होता. आई त्याला म्हणाली, "माघारी बघू नको. तिकडं आपलं काय बी न्हाई राहिलं." मी तेव्हा पाचवीत होते. मी मात्र बघितलं, अगदी पोटभर बघून घेतलं, कारण मला ते गाव विसरायचं नव्हतं.

आज इंग्लंडमधल्या एका थंड, चिकचिकीत शहरात बसून मी हे लिहिते आहे. गावाकडच्या लोकांनो, तुमच्या ग्रुपवर हे कुणी टाकणार असेल तर खुशाल टाका. त्यासाठीच लिहिते आहे.

आम्ही मातंग. दोर वळणं हे आमचं पिढ्यांचं काम. पोळ्याला अख्ख्या गावाच्या बैलांच्या वेसणी, कासरे आमच्या अंगणात वळले जायचे आणि वेशीत बांधायचं तोरणही आबाच वळायचे. आंब्याची पानं लावून तेच ते वर बांधायचे. त्याखालून आधी पाटलांचे मानाचे बैल जायचे, मग बाकीच्यांचे, आणि सगळं गाव निघून गेल्यावर शेवटी आमच्या वस्तीचे. आबांनी त्या वर्षी पहिल्यांदा स्वतःची बैलजोडी घेतली होती. शिंगांना बेगड, पाठीवर आईच्या जुन्या लुगड्याची झूल. आम्ही सगळ्यांच्या मागं, कडेला उभे होतो. कुणीतरी मस्तीत फटाक्यांची लड आमच्या ढवळ्याच्या पायाशी टाकली. ढवळ्या बुजला, आबांच्या हातातला कासरा सुटला आणि तो उधळला तो थेट वेशीतून, तोरण तोडून पलीकडे. पाटलांचे बैल अजून जागेवरच होते.

वाजंत्री थांबली. आबा हात जोडून पुढं झाले. "मालक, जनावर हाय, बुजलं," एवढंच म्हणाले. पाटील म्हणाले, "जनावराला कळत न्हाई, सोप्या. तुला तर कळतंय ना?" मग आबांना वेशीतल्या मातीवर नाक घासायला लावलं. मी आईच्या पदराआडून बघत होते. लड टाकणारा तिथंच उभा होता आणि त्याला कुणीही काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई दळण घेऊन गिरणीवर गेली तर गिरणीवाला म्हणाला, "माय, मला बी इथंच राहायचंय." त्यानं डबा परत दिला. किराणा बंद झाला, शेतातला रोजगार बंद झाला. आई ज्वारी भिजवून पाट्यावर वाटायची आणि त्याच्या जाड, ओबडधोबड भाकऱ्या थापायची. भाकरी मोडायची, आई तुकडे जुळवून ताटात वाढायची. बैल सेलूच्या बाजारात विकले आणि आम्ही फाटा गाठला.

परभणीला आबा धान्याच्या मोंढ्यात हमाली करू लागले, आई दवाखान्यात झाडू मारू लागली. त्याच दवाखान्यातल्या सिस्टरांचा पांढरा ड्रेस बघून मी नर्सिंगला गेले आणि नर्सिंगनं मला इथवर आणलं. पहिल्याच हिवाळ्यात वॉर्डातल्या एका गोऱ्या बाईनं माझ्या हातून गोळी घेतली नाही. "दुसरी कुणी नाही का?" म्हणाली. माझ्यासोबतची केरळची नर्स स्टाफरूममध्ये जाऊन रडली. मला रडू आलं नाही. मी म्हटलं, बाई गं, तू यात अगदीच नवशिकी आहेस, आमच्याकडे ये म्हणजे हे नीट कसं करतात ते कळेल. शिफ्ट संपवून मी घरी आले आणि वरणभात लावला.

मी इकडं यायला निघाले तेव्हा आबांनी दिलेला अंबाडीचा दोर माझ्या दारावर तोरण म्हणून बांधलेला आहे. आंब्याची पानं इथं मिळत नाहीत, मी कापडाची शिवली आहेत.

गेल्या वर्षी त्या दारात पाटलांचा नातू उभा राहिला. ऋषी, शिकायला आलेला. गावातल्या कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला होता. "आत्या," म्हणाला. गावची लेक म्हणून मी त्याची आत्या! तेवढ्यात माझी दोन्ही मुलं शाळेतून आली. ऋषीनं पाऊल उचललं होतं. मी म्हटलं, "थांब. आधी आमचे जाऊ दे." मुलं गेली, मी गेले, मग त्याला म्हटलं, "आता ये." तो गोंधळून मागून आला. त्याला काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मला फार बरं वाटलं. हलकटपणा म्हणायचा असेल तर म्हणा.

त्याला खोली हवी होती. फोनवर घरमालक गोड बोलला, खोली रिकामी आहे, लगेच या म्हणाला. ऋषीला शहर नवं, म्हणून मी सोबत गेले. दार उघडून मालकानं आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि खोली आत्ताच गेली म्हणून सांगितलं. खिडकीतली भाड्याची पाटी तशीच होती. संध्याकाळी माझ्या गोऱ्या मैत्रिणीनं मालकाला फोन केला, तर खोली पुन्हा रिकामी झालेली. ऋषी म्हणाला, "आत्या, फक्त रंग बघून? मी काय केलंय त्यांचं?" त्यानं कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, तक्रार केली. दारात त्याच्यासोबत असलेली साक्षीदार मी एकटी. मी नाही म्हटलं असतं तर तक्रार तिथंच संपली असती.

मी हो म्हटलं नाही. म्हटलं, "आधी आजोबांना फोन लाव. स्पीकरवर."

पाटलांचा आवाज म्हातारा झाला होता, तोरा तोच. सगळं ऐकून म्हणाले, "माणसं हायेत का जनावरं? रंग बघून दार लावत्यात? बाई, तुमी जे कोणी असाल, आमच्या लेकरासाठी उभं राहा. आपल्याच गावच्या म्हणं तुमी."

मी म्हटलं, "जनावराला कळत न्हाई, पाटील. माणसाला कळतंय. मी सोपानची सुनंदा बोलायलेय. ढवळ्या बुजला होता, आठवतंय का?"

 पाटील म्हणाले, "तवाचा जमाना येगळा होता," आणि फोन कट झाला. ढवळ्या कोण, ऋषीनं विचारलं. त्या दिवशी मी त्याला काहीच सांगितलं नाही. म्हटलं, "येते मी साक्षीला. तिथंच ऐक."

कौन्सिलच्या ऑफिसात घरमालक त्याचा वकील घेऊन बसला होता. वकिलानं मला विचारलं, खोली खरंच गेली नव्हती कशावरून, तुम्हाला गैरसमज झाला नसेल का? मी पाटीचं सांगितलं, मैत्रिणीच्या फोनचं सांगितलं. मग म्हटलं, "आणि तो चेहरा मी लहानपणापासून ओळखते. दार लावायच्या आधी माणसाचा चेहरा कसा होतो, ते मला या मुलाच्या आजोबांनी शिकवलंय." मग सगळं सांगितलं, वेस, तोरण, माती, नाक, पिठाचा डबा. वकील म्हणाला, याचा इथं काय संबंध? अधिकारी बाई त्याला थांबवून ऋषीकडे वळल्या. हे खरं आहे का, त्यांनी विचारलं.

नाही म्हटलं तर मी खोटी आणि त्याची तक्रारही खोटी. ऋषीनं आदल्या दिवशी घरी फोन करून विचारलं असावं, कारण त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. मान खाली घालून तो "हो" म्हणाला. मोठ्यानं म्हणा, बाई म्हणाल्या. त्यानं मोठ्यानं म्हटलं.

त्याला न्याय मिळाला, घरमालकाला माफी मागावी लागली. आमची कुणी कधी माफी मागितली नाही, आणि मागितली तरी मी ती घेणार नाही. मला गाव परत नको. आई गेली तेव्हाही तिची माती आम्ही तिकडं नेली नाही. घर म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी दारावरचा दोर दाखवते, आणि त्याखालून कोण आधी जातं ते.

घरी येऊन आबांना फोन लावला. ते परभणीला भावाकडे असतात, आता कमी ऐकू येतं. मी ओरडून सगळं सांगितलं. 

"समद्यांसमोर हो म्हणला?"

"हो आबा. मोठ्यानं."

"पाटलाचा नातू?"

"पाटलाचाच."

"खुर्चीवर नीट बसतो गं माय, थांब," आबा म्हणाले. "हां. आता पयल्यापासून सांग."