मस्कत जवळ, सहार लांब

हसन अब्दुल्ला तुंगेकर. जन्म १९३१, आपटा. मृत्यू १९९८, पनवेल. व्यवसाय भाड्याच्या मोटारीचा.

आखातात नोकरीला निघालेली पनवेल-उरणची माणसे मुंबईच्या सहार विमानतळावर पोहोचवणे आणि सुट्टीवर आली की घरी आणणे, हे काम हसनभाईंनी वीसएक वर्षे केले. ते स्वतः विमानात कधी बसले नाहीत. एखादा नवखा प्रवासी विचारी, "मस्कत किती लांब हो?" तेव्हा ते म्हणत, "मस्कत जवळ आहे रे, अडीच तास. लांब आहे ते सहार. आधी न्हावा शेव्याचे कंटेनर, मग वाशीचा पूल. विमानाला दोन्ही नाहीत, माझ्या गाडीला आहेत."

त्यांचा एकुलता मुलगा नावेद मस्कतलाच होता. पत्नी हव्वाबी त्यांना टोमणा मारीत, "दुनियेची पोरं घरी आणता, माझं कधी आणणार?" आणि शेवटच्या आजारपणात हव्वाबींनी बजावून ठेवले होते, "माझ्या मातीला नावेद पाहिजे. त्याच्याशिवाय उचलू नका."

१९९१ च्या डिसेंबरात, एका पहाटे हव्वाबी गेल्या. मस्कतला फोन झाला. रीतीप्रमाणे मृत्यूची बातमी सांगितली नाही. आई फार आजारी आहे, निघून ये, एवढेच कळवले. नावेदला दुपारी सहारला उतरणारे विमान मिळाले. हसनभाईंनी बसल्या जागी हिशेब करून जमातीच्या वडीलधाऱ्यांना सांगितले, "असरच्या नमाजापर्यंत पोरगा पोहोचतो. थांबा."

सगळे थांबले. हसनभाईंची मोटार दिवसभर दारातच उभी होती. येणारे जाणारे तिला टेकून बोलत होते, काहींनी चपला तिच्याखाली सारल्या होत्या. विमानतळावर कोण गेले आहे, हे कोणी विचारले नाही. तिथे हसनभाईच जातात, याची सर्वांना इतकी सवय होती की त्या दिवशी ते मय्यतीपाशी बसले आहेत, हे दिसूनही कोणाच्या ध्यानात आले नाही. त्यांच्याही नाही.

दुपार उलटून असर झाली. ऊन भिंतीवर चढले. एक वडीलधारे हळूच म्हणाले, "हसनमियाँ, आता मय्यत ठेवणं बरं नाही." हसनभाईंनी मान डोलावली. जनाजा उठला.

कब्रस्तानातून माणसे परतली, तेव्हा दिवेलागण झाली होती. त्याच वेळी एक टॅक्सी येऊन थांबली. परतलेली माणसे पाहून नावेद काय ते समजला. त्याने दारातली मोटार पाहिली, मग वडिलांकडे पाहिले.

"अब्बा, मी बाहेर उभा राहून तुमची वाट बघत होतो. विमान वेळेवर आलं होतं. नेहमी तुम्हीच येता ना..."

हसनभाई ओट्यावर बसले.

त्याच अंधारात नावेद कबरीवर गेला. माती थापून, पाणी शिंपून झाले होते. त्याने तरीही रीतीच्या तीन मुठी माती घातली.

त्यानंतर हसनभाईंनी सहारची भाडी घेतली नाहीत. कुठे पोहोचायला किती वेळ लागेल असे विचारणाऱ्याला ते म्हणत, "मला विचारू नका." मोटार उरणच्या आनंदा नावाच्या ड्रायव्हरला विकली. नावेद दोन वर्षांनी कायमचा परतला आणि वडिलांच्या मातीला पहिल्यापासून हजर होता. त्याने वडिलांना त्या दिवसाबद्दल कधी विचारले नाही. हसनभाईंनीही कधी विषय काढला नाही. ते बोलणे तेवढे राहून गेले.