पुसायचा पाव

पाव खाल्ला की जात बुडाली, असा तो काळ. त्यात आमचं घर कल्याणात सोवळ्याओवळ्यासाठी नावाजलेलं. अशा घरात मला चित्रकार व्हायची खाज सुटली. आबांनी, म्हणजे वडिलांनी, एकच संधी दिली. ठाण्याच्या ड्रॉइंग मास्तरांनी सोमवारपर्यंत मुंबईच्या कलाशाळेसाठी शिफारशीची चिठ्ठी दिली तर जायचं, नाहीतर मंगळवारपासून आबांबरोबर कचेरीत कागदपत्रांच्या नकला करायला बसायचं.

मास्तर ठाण्यातच कोपरीत राहत. त्यांनी मला एक छापील विलायती चित्र दिलं: अंधारी खोली, एकच खिडकी, खिडकीशी बसलेली म्हातारी. कोळशाने त्याची नक्कल करायची होती.

"रेघा ओढत बसू नकोस," ते म्हणाले. "आधी अख्खा कागद काळा कर, मग त्यातून उजेड पुसून काढ. पुसायला पावाचा मऊ गर घे."

मी पडलो शहाणा. पावाऐवजी घरची पोळी घेतली, मळून गोळी केली आणि खिडकीवर दाबली. घडीच्या पोळीला तेल असतं, हे माझ्यासारख्या खादाडाला आठवू नये? खिडकीत तेलकट डाग पडला. कोळसा तिथून निघेना आणि तिथे बसेनाही.

शनिवारी मास्तरांनी तो कागद हातात घेऊन हुंगला. "चित्र काढलंस की डबा बांधलास?" त्यांनी दुसरा कागद दिला आणि हा शेवटचा म्हणून बजावलं. मी निमूट स्टेशनाजवळ पाव घेतला, उपरण्यात गुंडाळला आणि चोरासारखा घरी आलो.

रविवारी सकाळी ओटीवर बसलो. खिडकी चटकन उजळली, पण म्हातारीचा चेहरा छळायला लागला. जरा जास्त पुसलं की पांढराफटक पडे, कमी पुसलं की अंधारात जाई. पाव हाताळून पंगतीत कसं बसायचं, म्हणून पोट दुखतंय असं आईला सांगितलं होतं. दुपारपर्यंत भूक आवरेना. शेवटी गराचा एक घास तोंडात टाकला, मग दुसरा. खोटं कशाला बोलू, गोड लागला.

तेवढ्यात आबा दारात.

"हे काय आहे?"

"पाव. कोळसा पुसायला आणलाय."

"अर्धा कुठे गेला?"

मी चित्राशेजारच्या काळ्या गोळ्या दाखवल्या.

"खाल्लास?"

"नाही."

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्यासमोर बसले. "पुसून दाखव."

मी गर मळला. हात थरथरला तर चेहरा जाणार, चेहरा गेला तर चिठ्ठी जाणार. श्वास रोखून म्हातारीच्या गालावर गोळी अलगद टेकवली आणि उचलली. गाल दिसू लागला. मग कपाळ, मग नाकाचा शेंडा. आबा पुढे वाकून पाहत होते, पण पावापासून धोतराचा सोगा सांभाळून.

आतून आईने विचारलं, "अहो, काय चाललंय?"

"चित्राचं सामान आहे त्याचं," आबा म्हणाले. "ते खायचं नसतं. तू इकडे येऊ नकोस."

ते उठले. माझ्या अंगावरचं ओझं उतरलं. माझं खोटं पचलं असं मला वाटलं. उंबऱ्याशी ते थांबले आणि मागे न बघता हलक्या आवाजात म्हणाले, "जेवायला येण्याआधी तोंड धू."

मी तांब्यातल्या पाण्यात पाहिलं. माझ्या ओठांवर कोळशाची दोन बोटं उमटली होती.