साडूंची आडवी सायकल

आमच्या साडूंइतका घाबरट माणूस वसईच्या खाडीपासून वैतरणेच्या पुलापर्यंत शोधून सापडायचा नाही. हे मी निंदा म्हणून सांगत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. विरारला त्यांच्या समोरच्याच इमारतीत आम्ही राहतो, त्यामुळे ही भीती मी वर्षानुवर्षं अगदी जवळून पाहिली आहे. घरातून निघताना ते गॅसचा रेग्युलेटर बंद करत, दाराला कुलूप लावत, कुलूप तीनदा ओढून बघत, रिक्षास्टँडपर्यंत चालत जात आणि तिथून परत येऊन रेग्युलेटर बंद आहे का ते बघत. लिफ्टमध्ये ते एकटे कधी चढत नसत. सोबतीला कोणी येईपर्यंत खाली टपालाच्या पेट्यांवरची नावं वाचत उभे राहत. त्यामुळे इमारतीतल्या प्रत्येकाचं वडिलांच्या नावासकट नाव त्यांना पाठ झालं होतं आणि लोकांना वाटे, माणूस किती आपुलकीचा आहे. मूळचे सोलापूरकडचे. अर्नाळ्याच्या शाळेत गणित शिकवायला लागून पंचवीस वर्षं होऊन गेली तरी मासा खाताना ते बायकोला, म्हणजे आमच्या ताईंना, समोर बसवून ठेवत; काटा अडकलाच तर हाक मारायला कोणी हवं. एकदा आमच्याकडे जेवायला पापलेट केलं होतं. ही म्हणाली, "भावोजी, पापलेटला काटे नसल्यातच जमा असतात." साडूंनी घास ताटात खाली ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, "म्हणूनच माणूस गाफील राहतो."

अशा माणसाची पाठ एका सकाळी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उचलताना धरली. मणक्यातली चकती सरकली होती. तीन महिने ते अंथरुणावर होते. मग डॉक्टरांनी सांगितलं की, हिंडाफिरायला हरकत नाही, उभं राहून शिकवायलाही हरकत नाही, पण विरार ते अर्नाळा हा रस्ता रोज रिक्षानं, बसनं किंवा स्कूटरवरून करायचा नाही. एकेक खड्डा थेट मणक्याला लागेल. पाठ टेकून आणि पाय पुढे पसरून बसण्याची सोय असेल तरच बघा. गाडी चालवायची त्यांना भीती, आणि माझं ऑफिस अगदी दुसऱ्या टोकाला, त्यामुळे मला त्यांना रोज सोडणं जमण्यासारखं नव्हतं. निवृत्तीला अजून दोन वर्षं होती. मुख्याध्यापक घरी येऊन, चांगल्या मनानंच, म्हणाले की, सर, आता विश्रांतीच घ्या. त्यानंतर आठवड्याभरानं ताई मला जिन्यात भेटल्या. हातात भाजीची पिशवी होती. म्हणाल्या, "दिवसभर पंख्याकडे बघत पडलेले असतात. गॅस बंद केलास का, एवढंसुद्धा विचारत नाहीत आता." मी घरी येऊन हे हिला सांगितलं, आणि त्या रात्री आम्ही दोघंही नीट जेवलो नाही.

पंख्याकडे बघता बघता साडू फोनकडेही बघत असणार. कारण महिन्याभरानं एक टेम्पो आमच्या आवारात आला आणि त्यातून जे उतरवलं गेलं ते बघून वॉचमननं विचारलं, "साहेब, ह्याला गादी मागनं येनार काय?" ती सायकल होती. पण बसायची नव्हे, पडायची. आरामखुर्चीसारखी मागे झुकलेली जाळीची सीट, पुढे एक लांब दांडा आणि त्या दांड्याच्या टोकाला, पुढच्या चाकाच्याही पुढे, पेडल. माणसानं त्यात पाठ टेकून पडायचं, पाय समोर उचलायचे आणि आकाशाकडे तोंड करून जायचं. चेन इतकी लांब की तिच्यात साध्या तीन सायकली चालल्या असत्या. नाशिकच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी ती हौसेनं बनवून घेतली होती आणि घरच्यांच्या आग्रहाखातर विकायला काढली होती. साडूंनी डॉक्टरांना तिचा फोटो दाखवला. डॉक्टर बराच वेळ फोटो बघत राहिले आणि म्हणाले, "बसण्याची पद्धत मणक्याला योग्य आहे. बाकीचं मी काही सांगू शकत नाही." ताई खाली आल्या, सायकलीभोवती एक फेरी मारली आणि वर गेल्या. हिनं मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

"त्यांना काही झालं तर ताईला तोंड कोण दाखवणार?"

"मी कुठं घ्यायला सांगितली?"

"घ्यायला नाही, पण शिकायला तुम्ही सोबत जा. निदान जवळ माणूस तरी असेल."

त्या दिवसापासून साडूंच्या भीतीतला निम्मा वाटा माझ्याकडे आला.

शिकायची जागा म्हणून अर्नाळ्याची चौपाटी ठरली. ओहोटीला तिथली वाळू ओली आणि घट्ट असते, आणि पडलं तरी फार लागत नाही. सायकल टेम्पोनं नेऊन शाळेच्या शेडमध्ये ठेवली. दर रविवारी सकाळी मी माझ्या गाडीची पुढची सीट पूर्ण मागे पाडून साडूंना तिकडे नेऊ लागलो. हेल्मेट, गुडघ्यांना आणि कोपरांना गाद्या, गळ्यात शिट्टी, खिशात रक्तगट आणि चार फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी, अशा तयारीनं ते सीटवर पडत. मी मागून सीट धरत असे. एक पाय पेडलवर ठेवून जोर द्यायचा आणि त्याच क्षणी दुसरा पाय जमिनीवरून उचलायचा, एवढीच सगळी विद्या. पण तो दुसरा पाय उचलायचा म्हणजे जमिनीशी संबंध तोडायचा, आणि ते साडूंना मान्य नव्हतं. शिवाय पुढचं चाक स्वतःच्या पायांखाली लपलेलं, ते कुठं चाललंय ते दिसतच नाही. नाशिकचे प्राध्यापक फोनवरून सांगत, "खांदे सैल सोडा. हँडल नुसतं बोटांनी धरा. चाक बघू नका, लांब बघा." साडूंनी जन्मात कधी खांदे सैल सोडले नव्हते. ते हँडल बुडणाऱ्या माणसासारखं घट्ट धरत, सायकल दोनदा डावीउजवीकडे लचके आणि अगदी सावकाश आडवी होई. पडल्यावर ते तसेच पडून माझ्याकडे बघत आणि विचारत, "पाठीतून काही आवाज आला का?" मी नाही म्हणे. खरं म्हणजे प्रत्येक वेळी मी श्वास रोखून कान देऊनच ऐकत असे. चार रविवार असे गेले. पाचव्या रविवारी मी मनात ठरवलं होतं की आज त्यांना सांगायचं, पुरे आता.

किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले असत. तिथली एक कोळीण मावशी आमचं हे दर रविवारी बघत असे. त्या दिवशी ती टोपली कमरेवर घेऊन सरळ आमच्याकडे आली आणि साडूंच्या डोक्याशी उभी राहिली.

"मास्तर, माज्या नातीला तुमी गनितात नापास केला."

साडू पडल्या पडल्या म्हणाले, "मी नाही केलं. तिनं पेपर कोरा ठेवला."

"कोरा कशाला ठेवील? तिला समदा येतं घरी."

"येतं तर लिहायचं ना." साडूंचा आवाज चढला. "भूमितीची आकृती काढली आणि खाली एक अक्षर नाही. मी दोनदा तिला बोलावून विचारलं, समजत नाही का. तर नुसती मान हलवते."

"ती घाबरते तुमाला," मावशी म्हणाली आणि टोपली सावरून मांडवाकडे चालू लागली.

हे मात्र साडूंना लागलं. आपल्यालाही कोणी घाबरतं, ही गोष्ट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली असावी. "अहो मावशी, थांबा, मला का घाबरते?" असं म्हणत त्यांनी पेडल मारलं. सायकल निघाली. मी सवयीनं सीट धरून धावलो, मग लक्षात आलं की सीट माझ्या हाताला ओढ देतेय, आणि मी हात सोडला. मावशी चालत होती, साडू तिच्या शेजारून पाय वर करून चालले होते आणि तिला समजावत होते की त्रिकोणाचे तीन कोन मिळून किती होतात हे न सांगता आल्याबद्दल त्यांनी कोणालाही कधी रागावलेलं नाही. मी शाळेत परत यायला लागलो की तिला मधल्या सुट्टीत पाठवा, मी पुन्हा शिकवतो, असं ते म्हणत होते. मावशी मांडवापाशी थांबली. साडू पुढे गेले. आणखी बरेच पुढे गेले. सुरूच्या झाडांपाशी पोचल्यावर त्यांनी मागे मी आहे का ते बघायला मान वळवली, मी फार लांब दिसलो, आणि ते पडले. मी धावत गेलो. ते वाळूत पडून हसत होते. मी त्यांना असं हसताना पूर्वी पाहिलं नव्हतं, त्यामुळे आधी मला वाटलं, डोक्याला लागलं.

त्या दिवसानंतर त्यांना एक युक्ती सापडली. तोंडानं काहीतरी बोलत राहिलं की खांदे सैल राहतात. मग ते पाढे म्हणू लागले. पुढे रस्त्यावर आले तेव्हा आगाशीच्या बाजारातल्या बायकांना वाटे की मास्तर स्तोत्र म्हणत जातात, आणि एकदोघी तर हातही जोडत. ते सतराचा पाढा म्हणत असत.

पण रस्त्यावरचा पहिला दिवस मी विसरणार नाही. त्याआधी आठवडाभर साडूंनी विरारपासून अर्नाळ्यापर्यंतचा नकाशा काढला होता. त्यात प्रत्येक खड्ड्याला क्रमांक होता, आणि ज्या गल्लीतून कुत्री निघतात तिथं लाल खूण होती. उघडच आहे, सायकलीवर पडलेल्या माणसाचं आणि कुत्र्याचं तोंड एकाच उंचीवर येतं. मागून येणाऱ्यांना दिसावं म्हणून सीटला एक लांब काठी बांधून तिच्यावर केशरी फडकं लावलं होतं. सायकल टेम्पोनं आदल्या दिवशी परत विरारला आणली होती. मी रजा काढली आणि स्कूटरवरून मागे निघालो. बोळिंजपर्यंत सगळं ठीक गेलं. आगाशीच्या बाजारात रस्ता अरुंद होतो. तिथं त्यांच्या आणि माझ्या मधे एक बस घुसली. बसच्या टपाच्या कडेनं मला फक्त ते केशरी फडकं दिसत होतं. मग समोर काहीतरी अडलं आणि सगळेच हॉर्न वाजवायला लागले. थांबलेली सायकल पुन्हा सुरू करणं हेच सगळ्यात अवघड, हे मला माहीत होतं. माझ्या डोळ्यांसमोर आलं की ते भर बाजारात उताणे पडलेत, पाय वर, आणि मागे बस. एवढ्यात फडकं दिसेनासं झालं.

मी स्कूटर तिथंच एका दुकानापुढे लावली आणि धावलो. बसच्या पुढे जाईपर्यंत ताईंना काय सांगायचं, हे वाक्य मी मनात जुळवायलाही लागलो होतो. पुढे रस्ता मोकळा होता. एका दुकानाच्या छपराला ते फडकं काठीसकट अडकून लोंबत होतं. शेजारच्या फूलवालीला मी विचारलं, "इथं सायकलीवरून एक गृहस्थ…"

"ते झोपलेले? गेले की."

"पडले का?"

"पडतायत कशाला. काहीतरी मोजत चालले होते."

मी काठी हातात घेऊन स्कूटरवरून शाळेत पोचलो तेव्हा पहिला तास सुरू झाला होता. मी वर्गाच्या खिडकीशी गेलो. साडू फळ्यापाशी उभे होते, हेल्मेट अजून डोक्यावर होतं आणि ते काढायचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. वर्ग अगदी शांत बसला होता. त्यांनी मला पाहिलं, हातातला खडू खाली ठेवला, खिडकीपाशी आले आणि हळूच म्हणाले, "फार वेळ लावलात. मला काळजी वाटायला लागली होती."

जवळजवळ दोन वर्षं ते असे गेले आले. एकदा संध्याकाळी चहा पिताना मी विचारलं, "आता भीती गेली असेल, नाही?" त्यांनी कप खाली ठेवून नीट विचार केला. "छे हो. रोज निघताना पोटात गोळा येतो. पूर्वी घरात बसून यायचा, आता जाता जाता येतो. पण तास चुकत नाही." मला वाटलं होतं, ते हो म्हणतील.

संध्याकाळी ते घरी पोचले की ताई आम्हाला मिस्ड कॉल देत. एकदाच रिंग वाजायची, उचलायचा नसे. समोरच्या इमारतीतून त्या सहज हाक मारू शकल्या असत्या, पण तशी पद्धत पडून गेली होती. सहा वाजायला आले की ही आणि मी बोलता बोलता थांबत असू. रिंग वाजली की पुन्हा बोलायला लागत असू.

या उन्हाळ्यात साडू निवृत्त झाले आणि दोघं नागपूरला मुलीकडे राहायला गेली. सायकल त्यांनी माझ्या पार्किंगमध्ये ठेवली आहे. मी अजून तिच्यावर पडून बघितलेलं नाही. फोनवर बोलणं होतं, पण कमी. तिकडे त्यांना सांभाळायला मुलगी आहे, जावई आहे, लिफ्टमध्ये सतत माणसं असतात. काळजीचं काही कारण नाही, असं ताई सांगतात.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी सहाला फोन एकदाच वाजला आणि थांबला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हिनं घाईनं परत लावला.

"ताई, काय झालं गं?"

"काही नाही," ताई म्हणाल्या. "हे खालच्या बागेत एकटेच गेले होते. आत्ता आले."