अप्पांनी टाकलेला फोटो

जळकोटला हायवेलगत रसवंती चालवणारे बंडप्पा म्हणजे माझे अप्पा. कपाळाला विभूती, अंगात बनियन, आणि गिऱ्हाइकाचा ग्लास अर्धा झाला की न विचारता वरून रस ओतायची खोड. आई त्यावरून रोज कटकट करते, अप्पा हसतात. मला दहावीला ब्याण्णव टक्के पडले तेव्हा त्यांनी दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट रस पाजला.

अकरावीला मी धाराशिवच्या होस्टेलवर आले. तिथल्या मुलींची इन्स्टावर दुनियाच वेगळी. राजेश्वरी डॉक्टरांची मुलगी. तिच्या फोटोंत कॅफे, गाडी, महाबळेश्वर. माझ्या फोटोंत मी एकटी आणि मागं कोरी भिंत. घर, उसाचा चरक, अप्पा, काही म्हणजे काही दिसू नये म्हणून मीच हुडकलेली भिंत.

सतराव्या वाढदिवसाला अप्पांनी बॅनरवाल्याकडून फोटो करून घेतला. डोक्यावर मुकुट घातलेली मी, बाजूला डरकाळी फोडणारा वाघ, वर ‘भावी कलेक्टर अर्पिता’, खाली शुभेच्छुक: पंक्चरवाले आयुबभाई, चहावाल्या गिरिजाबाई, अख्खा स्टँड. पुढाऱ्यांचा असतो तसाच. आमच्याकडं याहून मोठा मान नाही. नवं अकाउंट काढून त्यांनी तो इन्स्टावर टाकला आणि मला टॅग केलं.

राजेश्वरीनं खाली विचारलं, “हे टाकणारे कोण गं? वाघ भारीये!” मागोमाग इतर मुलींचे हसरे चेहरे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी लिहिलं, “गावाकडचं कुणीतरी आहे. मी ओळखत नाही.” अप्पांच्याच फोटोखाली लिहिलं, म्हणजे ते वाचणार, हे माझ्या मठ्ठ डोक्यात आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पा होस्टेलच्या फाटकाशी उभे. इस्त्रीचा सदरा, हातात शेंगापोळ्यांचा डबा. राजेश्वरी माझ्यासोबत होती. तिनं विचारलं, “कोण पाहिजे, काका?”

अप्पांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग डबा माझ्यापुढं केला.

“म्या जळकोटचा. इकडं काम हुतं, म्हून ह्यांच्या आईनं डबा दिलाय. घ्या ताई. तुमचा वाढदिवस झाला न्हवं?”

माझं खोटं त्यांनी स्वतःच्या तोंडानं खरं केलं. लाजेनं माझी मान वर होईना. ‘अप्पा’ एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलंही.

आणि डबा घेत मी म्हणाले, “थँक्यू, काका.”