आमचे घरान

जवळा भाजल्याचा वास आला की मला आमच्या घरी राहिलेली ती परदेशी बाई आठवते. आमच्या कोन गावच्या शाळेत बिनपगारी इंग्रजी शिकवायला ती वर्षभरासाठी आली होती आणि माझ्या आईच्या चुलीपाशी बसून, जवळा-भाकरी खाता खाता मराठी शिकली. म्हणजे आमची मराठी. एकदा पनवेलच्या एका कार्यक्रमात पाहुण्या बाईंनी तिला स्टेजवर विचारलं, "गावात कंटाळा नाही येत?" ती म्हणाली, "नाय." सगळा हॉल हसला. "नाय नाही हं, 'नाही' म्हणायचं. म्हणा बघू," पाहुण्या बाई लाडानं म्हणाल्या. माझ्या शेजारी, अगदी मागच्या रांगेत बसलेल्या आईनं मान खाली घातली. त्या परदेशी बाईनं मात्र माईक जवळ ओढला. "आमचे घरान नायच बोलतान," असं म्हणून तिनं थेट आईकडे हात केला, "ती माजी आय. तिनी शिकवला." हसणं थांबलं. आई उठली, पदर खोचला आणि सगळे वळून बघेपर्यंत तशीच ताठ उभी राहिली. आता मी पनवेलमध्येच मराठी शिकवते. परवा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "मुलं सर्रास 'नाय' म्हणतात. तुम्ही सुधारत नाही का?" मी म्हटलं, "नाय."