सीमेच्या दगडांचा कारामो

कारामो सान्यांगने जन्मात एकच सरकारी काम केलं. मोजणीवाले आमच्या गावी आले, तेव्हा तीन दिवस त्यांची साखळी ओढली. साहेब गाडीत बसून निघून गेले आणि हा मागे उरला, आयुष्यभराची ऐट घेऊन.

आमचं गाव सरकारच्या 'खालची नदी' विभागात. ओढ्यापलीकडचं बासिकुंदा गाव 'मधली नदी' विभागात. मधे चुना फासलेले चार दगड. आमची शेतं तिकडे, त्यांच्या गाई इकडे, लेकीसुना तर अर्ध्याअधिक अदलाबदलीच्या. खुद्द कारामोची बायको सिरे बासिकुंदाची. पण हा दगडापाशी उभा राहून सरपणाला निघालेल्या बायकांना अडवायचा.

"इथून विभाग बदलतो, कळतं का? परवानगी काढलीस?"

"तुझ्या बापाने काढली होती का रे, मेल्या?" म्हातारी मुसुकेबा म्हणायची आणि मोळी घेऊन पुढे जायची. मग हा वहीत तिचं नाव लिहायचा. ती वही कोणी मागितली नव्हती, कोणी वाचलीही नाही.

भुईमूग काढताना भर दुपारी त्याला साप चावला. आमच्या विभागाचा दवाखाना दिवसभराच्या वाटेवर. मी धावत बासिकुंदाला गेलो. तिथल्या दवाखान्यातली नर्स न्यिमा तुरे हातातला भात टाकून मोटारसायकलवर आली. पायाला फळी बांधली, त्याला आमच्या दोघांच्या मधे बसवलं आणि थेट तिकडच्या इस्पितळात नेलं. हा गडी वाटभर लहान पोरासारखा रडत होता. "न्यिमाताई, मला मरू देऊ नकोस गं!"

वाचला. पंधरा दिवसांनी लंगडत घरी आला आणि पहिलं काम काय केलं? विभागाच्या कचेरीत अर्ज दिला, की परक्या विभागाची नर्स परवानगीवाचून आमच्या हद्दीत शिरली आणि रोग्याला घेऊन गेली. रोगी कोण, ते मात्र लिहिलं नाही.

न्यिमाला नोटीस आली. ती वाचून ती हसली, पण त्यानंतर ओढा ओलांडेना. तिलाही पोरंबाळं आहेत.

मी त्याच्या दारात जाऊन विचारलं, "लाज नाही वाटली?"

"नियम म्हणजे नियम, दादा. माझा जीव वाचला म्हणून सीमा थोडीच पुसली जाते?"

सिरे आत बाजरी कांडत होती. तिने मुसळ टेकवलं, बाहेर आली. "त्या पोरीने तुझी ओकारी हातांनी पुसली. मी बघत होते."

"तू यात पडू नकोस."

"नाही पडत. माहेरी जाते. लिही वहीत."

डोक्यावर गाठोडं घेऊन ती दगडांमधून सरळ निघून गेली. तिला आणायला सासऱ्याच्या दारी जायचं, चार माणसांत चूक कबूल करायची, एवढंच त्याने करायला हवं होतं. त्याऐवजी त्याने कचेरीत दुसरा अर्ज दिला: बायको परत मिळवून द्यावी.

तिथल्या कारकुनाने तो चहा पिणाऱ्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला म्हणे.

सिरे आता न्यिमाच्या दवाखान्यात झाडलोट करते. अंगाने चांगली भरलीय.