पास्कलचे पाच गुण

मंगळवारी सकाळी सव्वासहा वाजता माझा नवरा पास्कल गेला आणि माझे दहा गुण वाढले.

हे एक वाक्य लिहायला मला तीन आठवडे लागले. (मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. आमच्याकडे घाई कुणालाच नसते, पुस्तक परत आणणाऱ्यांना तर मुळीच नाही.) गुण म्हणजे ऑस्ट्रेलियात कायमचं राहू द्यायचं की नाही हे ठरवण्यासाठी सरकार मोजतं ते. वयाचे, शिक्षणाचे, इंग्रजीचे आणि नवऱ्याचे. हो, नवऱ्याचेसुद्धा!

आधी आम्ही मेलबर्नला टार्निटमध्ये राहायचो, माझा धाकटा दीर जेरी याच्या शेजारच्या गल्लीत. जेरीला पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळून बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे तो सल्ले द्यायला मोकळा होता.

"वहिनी, मेलबर्न सोड. रीजनलला जा, लहान गावांना सरकार जादा गुण देतं. टूवूंबा! तिथे कोणी म्हणजे कोणी जात नाही."

आम्ही आमची मुलगी रिआ, प्रेशर कुकर आणि माझी पुस्तकं गाडीत कोंबून टूवूंबाला आलो. पहिल्याच रविवारी चर्चबाहेर आठ कुटुंबं भेटली. प्रत्येकाचा कोणी ना कोणी जेरी होता, आणि त्याने सांगितलं होतं की तिथे कोणी जात नाही.

जितकी माणसं वाढली तितकी गुणांची पट्टी वर गेली. माझे होते पंच्याऐंशी, लागत होते नव्वद. शिवाय चाळीस पूर्ण झाली की वयाचे दहा कापतात, आणि माझं चाळिसावं वर्ष संपत आलं होतं. शिक्षणात आणखी काही वाढवण्यासारखं नव्हतं. पाच गुण एकाच ठिकाणाहून येऊ शकत होते. पास्कल इंग्रजीच्या परीक्षेत पास झाला तर.

पास्कलला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. वसईत तो पतपेढीत कारकून होता, इथे गुरांच्या खाद्याच्या गोदामात. शेतकरी येऊन म्हणायचा, "ड्राय, मेट." पास्कल आभाळाकडे बघायचा. बराच वेळ जायचा. मग म्हणायचा, "येह." शेतकरी खूश होऊन दोन पोती जास्त न्यायचा.

परीक्षा मात्र शेतकरी घेत नाही, संगणक घेतो. पडद्यावर चित्र येतं, त्याचं चाळीस सेकंद वर्णन करायचं. मध्ये तीन सेकंद गप्प राहिलात की माइक बंद! आणि पास्कल विचार करून बोलणारा माणूस. लग्नाचं त्यानेच विचारलं होतं. मी हो म्हटल्यावर "बरं" म्हणायला त्याने दोन दिवस घेतले.

पहिल्या परीक्षेनंतर ब्रिस्बेनहून परत येताना मी विचारलं, "कसं झालं?" गाडी टूवूंबाचा घाट चढली तेव्हा उत्तर आलं.

"चित्र चांगलं होतं."

"मग?"

"बघत होतो. आता सुरू करणार, तेवढ्यात माइक बंद झाला."

दुसऱ्या परीक्षेत तेच. फक्त त्या वेळी चित्र वाईट होतं, असं त्याचं मत.

मग शिकवणी मी हातात घेतली. आयुष्यभर लोकांना 'शांतता राखा' सांगून पगार घेतलेली मी, घरातल्या सर्वांत शांत माणसाला बडबड शिकवायला बसले! एका हातात डाव, दुसऱ्या हातात पातेल्याचं झाकण. पास्कल थांबला की एक, दोन, तीन... ठण्ण! वेळ मोजायला अकरा वर्षांची रिआ.

"डॅड, यू पॉझ्ड!"

"मी श्वास घेत होतो गं."

"श्वास नंतर घे," मी म्हणाले. (हे मी खरंच म्हणाले होते.) "सुचलं नाही तर शेवटी ओव्हरऑल म्हण, व्हेरी इंटरेस्टिंग म्हण. पण थांबू नकोस."

"ग्लोरी, चित्रात बादली आहे. बादलीत इंटरेस्टिंग काय?"

ठण्ण!

पंधरा दिवसांत गुण आला. (सरकारी नव्हे, औषधाला गुण येतो तसला.) पास्कल फ्रिजचं वर्णन करू लागला, डब्यातल्या भाजीचं करू लागला. गोदामात कोणी "ड्राय, मेट" म्हटलं की तो चाळीस सेकंद दुष्काळावर बोलायचा, डावीकडून उजवीकडे. एक शेतकरी पोती न घेताच निघून गेला. मॅनेजरने फोन करून मला विचारलं, "ग्लोरिया, इज ही ओके?" मी अभिमानाने म्हटलं, "ही इज इम्प्रूव्हिंग!"

मग जॉइसबाई वारल्या. आमच्या चर्चमधल्या, नव्वदीच्या. त्यांच्या नवऱ्याने, किथने, पास्कलला प्रार्थना वाचायला सांगितलं; का, तर "शांत माणूस आहे." पास्कलने छान वाचलं. फादर म्हणाले, आता क्षणभर मौन पाळू या. पास्कल माइकपाशीच उभा. समोरच्या पडद्यावर जॉइसबाईंचा फोटो. एक. दोन. तिसऱ्या सेकंदाला माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर मला पातेल्याचं झाकण दिसलं.

"द इमेज शोज ॲन ओल्ड लेडी इन अ ब्लू हॅट," पास्कल सुरू झाला. "ऑन द लेफ्ट, देअर आर फ्लॉवर्स. ऑन द राइट, देअर इज अ डॉग. द डॉग इज स्मॉल..."

मी बाकाखाली जागा शोधत होते. फादर डोळे मिटून होते, ते मिटूनच राहिले. पास्कल टोपीवरून कुत्र्यावर, कुत्र्यावरून कुंपणावर गेला आणि शेवटी श्वास न घेता म्हणाला, "ओव्हरऑल, शी इज व्हेरी इंटरेस्टिंग."

पुढच्या बाकावरून किथचा आवाज आला. "येह, मेट. शी वॉज."

गाडीत बसल्यावर मी तोंड उघडणार, तोच मागून रिआ म्हणाली, "ममा, थर्टी-एट सेकंड्स. नॉट अ सिंगल पॉझ." आणि लाज वाटायची सोडून मी, खोटं कशाला सांगू, मनातल्या मनात नव्वदला पोचले.

तिसरी परीक्षा शनिवारी होती. मंगळवारी कामावर जाण्याआधी पास्कल चहा घेऊन टेबलाशी बसला, मी त्याच्यासमोर कॅलेंडरचं पान ठेवलं आणि पोळ्यांकडे वळले.

"द इमेज शोज अ रेड ट्रॅक्टर," पास्कल माझ्या पाठीमागे म्हणाला. "ऑन द लेफ्ट, देअर इज अ मॅन. ऑन द राइट..."

एक, दोन, तीन. मी झाकणावर डाव आपटला.

"थांबू नकोस. उजवीकडे काय आहे?"

पुन्हा आपटला.

"पास्कल, उजवीकडे काय आहे?"

मग मी वळून बघितलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय. काही कळायच्या आत. उजवीकडे झाड होतं. ते कॅलेंडर मी नंतर पाहिलं. सोपं होतं.

त्याच्या अंत्यविधीच्या मिसालाही फादर म्हणाले, क्षणभर मौन पाळू या. पडद्यावर पास्कल होता, हिरव्या शर्टात, वसईच्या अंगणात. त्याच्या डावीकडे मीच होते. सगळे गप्प होते आणि मी मोजत होते. इतक्या लोकांसमोर बोलायची माझी एकदाच पाळी आली, आणि मला ओव्हरऑलसुद्धा सुचलं नाही. मी नापास.

जेरी टार्निटहून आला होता. जाण्याआधी टेबलाशी बसून तो बिस्किट चहात बुडवत राहिला. बिस्किट विरघळलं, तरी बुडवत राहिला.

"वहिनी, आता हे कसं सांगू... तुझे गुण वाढलेत."

"कसले?"

"जोडीदार नसलेल्याला दहा मिळतात. सिंगल असेल तर. किंवा..." त्याने पुढचं गिळलं.

"पास्कल होता तेव्हा किती होते?"

"शून्य."

"आणि पास झाला असता तर?"

"पाच."

मग जेरी रडायला लागला, आणि मला त्यालाच पाणी द्यावं लागलं.

करायचं एवढंच होतं. सरकारच्या साइटवर अर्ज उघडायचा आणि वैवाहिक स्थितीत 'विवाहित'च्या जागी तीन ओळी खालचा शब्द निवडायचा. की पंच्याण्णव. मी रोज कामावर जाण्यापूर्वी अर्ज उघडायचे आणि त्या चौकटीकडे बघत बसायचे. काही वेळ हात हलवला नाही, की साइट आपणहून बाहेर काढते. (तीन सेकंदांपेक्षा पुष्कळ जास्त वेळ देते, तक्रार नाही.) दर महिन्याला जास्त गुणवाल्यांना बोलावण्याची सरकारची एक फेरी व्हायची, आणि जेरीचा फोन यायचा.

"वहिनी, केलंस का? या फेरीत पंच्याण्णववाल्यांना बोलावलंय!"

"करते."

"रिआचा तरी विचार कर गं."

"करते म्हटलं ना."

दोन फेऱ्या गेल्या. मग माझा चाळिसावा वाढदिवस आला. सकाळी सर्वांत आधी मेल सरकारचा: तुमच्या गुणांमध्ये बदल झाला आहे. नवरा गेल्याचं आपण सांगितल्याशिवाय त्या संगणकाला कळत नाही. वय झाल्याचं मात्र त्याला बरोब्बर कळतं.

त्या दिवशी मी तीन ओळी खाली गेले आणि तो शब्द निवडला. रिआ खांद्यावरून बघत होती.

"सो व्हॉट डझ इट से, ममा?"

दहा गेले, दहा आले. पंच्याऐंशी. पास्कल समोर बसून बादलीकडे बघत होता तेव्हा होते तेवढेच. माझा व्हिसा मार्चपर्यंत आहे, रिआ सहावीत आहे, आणि संगणकाच्या मते आमच्या घरी काहीही झालेलं नाही.